दुसरी-तिसरीच्या मुलांना ब्रास वाद्यांची ओळख कशी करून द्यावी?

सुरंगी

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. दुसरी आणि तिसरी माझ्याकडे आहे. १९ डिसेंबरला गोवा मुक्तिदिनाच्या संचलनाला मुलांना नेलं होतं. परतताना बसमध्ये सगळे प्रश्न बँडबद्दल. त्या मोठ्या तोंडातून हवा येते की आवाज? बटणं तीनच, मग एवढे सूर कुठून येतात? पेटीसारखं दाबलं की आपोआप वाजतं का? एका मुलीने विचारलं, "बाई, गाल दुखत नाहीत?"

मला यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं नीट देता आली नाहीत, म्हणून हा धागा. शाळेत पेटी, तबला, झांजा आणि घुमट (आपलं मातीचं तालवाद्य) आहे, ब्रासचं, म्हणजे ट्रम्पेटसारखं फुंकायचं पितळी वाद्य एकही नाही. मुलांचा कान मात्र चांगला आहे. बऱ्याच घरांत भजन चालतं, शिगम्याला रोमटाच्या मिरवणुकीत नाचतात, चवथीला घुमट आरत्या म्हणतात. मला त्यांना वादक बनवायचं नाही. अर्ध्या तासाच्या चार-पाच तासिकांत या वाद्यांचं कुतूहल खऱ्या अर्थाने भागावं, एवढंच हवं आहे. सुरुवात कुठून करू? चित्रांचा तक्ता लावून नावं पाठ करून घेणं मला नको आहे.

तियात्रप्रेमी

छान विषय! गोव्यातल्या मुलांना ट्रम्पेट परका नाहीच. चर्चच्या फेस्ताच्या पहाटे गावातून बँड फिरतो, तियात्रात, म्हणजे आपल्या कोंकणी नाटकात, पडदा उघडण्याआधी बँड वाजतो, दिवाडी बेटावरच्या बोंदेरांला, त्या झेंड्यांच्या उत्सवाला, तर रस्ताभर हीच वाद्यं. त्यांनी ऐकलेलं खूप आहे, जवळून पाहिलेलं काही नाही. वाचतोय.

बिगुलवाला

सुरंगीताई, मी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमध्ये होतो. निवृत्तीनंतर पेडण्यात घरीच असतो आणि गावातल्या मुलांना थोडंफार शिकवतो. जरा सविस्तर लिहितो.

पहिली तासिका वाद्याशिवाय घ्या. ब्रास वाद्यात आवाज ओठांचा असतो, नळी तो आवाज निवडते आणि मोठा करते. हे मुलांना स्वतःच्या तोंडाने कळलं पाहिजे. "म" म्हणायला सांगा. ओठ मिटतात, तसेच ठेवायचे. दोन्ही कोपरे थोडे घट्ट, मधला भाग सैल, आणि त्या मधल्या फटीतून हवा सोडायची. आधी नुसती हवा जाईल, मग ओठ थरथरू लागतील. गाल फुगवू द्यायचे नाहीत. तुमच्या त्या मुलीला सांगा, गाल फुगवले तरच दुखतात. नीट वाजवणाऱ्याच्या ओठांचे कोपरे थकतात.

ओठ जरा आवळले की सूर वर जातो, सैल सोडले की खाली येतो. मुलांना एवढं सापडलं की पहिल्या दिवसाचं काम झालं. दोन-तीन मिनिटं करायचं आणि थांबायचं. सलग फुंकून लहान मुलांना गरगरतं, म्हणून बसवूनच करा, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच नको.

दम कसा लागतो हे दाखवायचं असेल तर वहीचा सुटा कागद भिंतीला लावा आणि फुंकरीने तिथेच धरून ठेवायला सांगा. जोरात फुंकणारा लगेच हरतो, एकसारखं फुंकणारा जिंकतो. लष्करात आम्हालाही हाच धडा दिला होता, शब्द वेगळे होते एवढंच.

दुसऱ्या दिवशी नळी. ती पुढच्या प्रतिसादात लिहितो, हे लांबलं.

भजनी

विषय चांगला आहे, तरी मनातलं बोलतो. गोव्यातल्या मुलाला आधी पेटी, पखवाज, घुमट द्यावं असं मला वाटतं. शाळेचा वेळ थोडा असतो. त्यात ही विलायती वाद्यं शिकवायची, आणि आपली सनई-शिंग वाजवणारे म्हातारे होत चाललेत त्यांच्याकडे कोणी जायचं नाही, हे मला खटकतं. विरोध नाही, पण अग्रक्रमाचा विचार व्हावा.

बिगुलवाला

भजनीबुवा, तुमची तळमळ मान्य. पण शिंग हे याच कुळातलं वाद्य आहे. शंखही. देवळात आरतीच्या वेळी शंख फुंकणारे भट आणि पोलीस बँडमधला ट्रम्पेटवाला ओठांनी एकच काम करतात. शंखाची शेंडी कापून तिथे ओठ लावतात, शिंगाच्या टोकाला लावतात, ट्रम्पेटला ओठ टेकवायला छोट्या वाटीसारखा माउथपीस असतो. मुलांना हे कुळ कळलं तर शिंग वाजवणाऱ्या आजोबांकडे ती जास्त लक्षपूर्वक बघतील. सुरंगीताईंनी शंखापासूनच सुरुवात करावी असं मी म्हणेन. गावातल्या देवळातून एखाद्यांना बोलावता येईल.

भजनी

हे असं मी कधी पाहिलं नव्हतं. शंख समोर ठेवून शिकवणार असाल तर माझा आक्षेप मागे घेतो. आणखी एक सांगतो. आमच्या माशेलात शिंग वाजवणारे एक काका एकाच शिंगातून सा, प आणि वरचा सा काढायचे. भोकं नाहीत, बटणं नाहीत. ते कसं होतं?

बिगुलवाला

तोच तर या सगळ्याचा गाभा आहे. ठरावीक लांबीच्या नळीत ओठांना कुठलाही सूर काढता येत नाही. नळी काही ठरावीक सुरांनाच साथ देते. ओठ घट्ट करत गेलं की ती एका पायरीवरून दुसरीवर उडी मारते : सा, मग प, मग वरचा सा, वरचा ग, वरचा प. बिगुलाचे सगळे कॉल या पाचांतच बसवलेले असतात. रे आणि म त्यात नाहीतच. सकाळचा कॉल असो की शहिदांना मानवंदना देतानाचा, पाच सुरांतच सगळं.

आता नळीचा प्रयोग. बागेला पाणी घालायची अर्धा इंची नळी चालते, पण मुलांच्या तोंडी द्यायची तर नवी, स्वच्छ, खाण्यापिण्याच्या वापरासाठी असलेली पारदर्शक नळी घ्या. एक तुकडा साडेचार फुटांचा, एक नऊ फुटांचा. कापलेली कड कानशीने गुळगुळीत करायची. दुसऱ्या टोकाला नरसाळं घट्ट बसवायचं. कुणाकडून ट्रम्पेटचा माउथपीस मिळाला तर त्याच्या दांड्याला टेप गुंडाळून नळीत बसवा, नाही मिळाला तर नळीच्या तोंडाला ओठ लावूनही आवाज निघतो, फक्त जास्त खटपट लागते.

साडेचार फूट म्हणजे ट्रम्पेटच्या नळीची लांबी. नऊ फूट ट्रॉम्बोनची, म्हणजे सरकत्या नळीच्या वाद्याची, आणि छोट्या ट्यूबासारख्या दिसणाऱ्या युफोनियमचीही. लांबी दुप्पट झाली की सूर एक सप्तक खाली जातो. बँडमध्ये सर्वांत मोठा जो ट्यूबा असतो, त्याची नळी सरळ केली तर साधारण अठरा फूट भरते, म्हणजे आणखी एक सप्तक खाली. मुलांना शाळेच्या व्हरांड्यात खडूने या लांब्या आखून दाखवा आणि त्यावर चालू द्या. मग नळी गुंडाळून वाजवा. गुंडाळली तरी सूर तोच राहतो. एवढी मोठी वाद्यं वळणावळणाची का असतात, याचं उत्तर त्यांना न सांगता मिळतं.

कुळागर

आमच्या लहानपणी पपईच्या पानाचा लांब देठ कापून असाच फुंकायचो. आत पोकळ असतो. ओठ थरथरवून फुंकलं की गाईसारखा आवाज यायचा. नळी विकत आणायला नको, कुळागरात देठ हवे तेवढे.

शुभ्रा

पपईच्या देठाचा चीक ओठांना लागून खाज, पुरळ येऊ शकतं. देठ आदल्या दिवशी कापून, चीक वाहून जाऊ देऊन, आतून-बाहेरून धुऊनच द्या. शक्यतो मोठ्यांनी वाजवून दाखवावं.

मी दंतवैद्य आहे. या वाद्यांबद्दल पालक मला कायम विचारतात, म्हणून थोडं दातांबद्दल. वरचे मधले दोन पक्के दात साधारण सात ते आठ वर्षांदरम्यान येतात, त्यांच्या शेजारचे आठ ते नऊच्या दरम्यान. ओठाला मागून आधार याच दातांचा असतो. ते पडलेले किंवा अर्धवट आलेले असताना मुलाला माउथपीस दाबून रोज सराव करायला लावू नये. तुमच्या दुसरी-तिसरीच्या वर्गात निम्म्या मुलांचे पुढचे दात गेलेले असतील. खेळ म्हणून ओठ थरथरवणं, मिनिटभर नळी फुंकणं याला काही हरकत नाही. नियमित शिक्षण आठ-नऊच्या पुढे. दातांना तारा असतील तर वाजवता येतं, मात्र ओठ आतून घासतो, म्हणून तारेवर मेण लावायला देतो.

एक नळी किंवा एक माउथपीस वर्गभर फिरवू नका. प्रत्येकाला स्वतःचा तुकडा द्या. माउथपीस एकच असेल तर प्रत्येक मुलानंतर साबणाच्या पाण्याने धुवा. सर्दी, तोंड आलेलं, ओठावर फोड असेल तर त्या दिवशी त्या मुलाने ऐकायचं काम करावं.

सुरंगी

सगळ्यांचे मनापासून आभार. शुभ्राताई, दातांचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आमच्या वर्गात खरोखरच खिडक्याच खिडक्या आहेत.

एक विचारते. सॅक्सोफोनही पितळेचा दिसतो. मुलं तो ब्रासमध्ये धरणार. समजावू कसं?

बिगुलवाला

आवाज सुरू कुठे होतो ते बघायला सांगा. सॅक्सोफोनच्या तोंडाशी वेताची पातळ पट्टी असते, ती थरथरते. बेल्जियमच्या अडोल्फ सॅक्सने तो बनवला आणि १८४६ साली पॅरिसमध्ये पेटंट घेतलं. अंग धातूचं असलं तरी तो सनई-क्लॅरिनेटच्या बाजूला बसतो. तुमच्या पेटीतले सूरही पितळेचे असतात. पेटी उघडून दाखवा. पितळ आहे, पण ब्रास नाही.

कुळागर

आणि पोदेराचा भोंपू? रोज सकाळी सायकलवरून पाव घेऊन येतो तो. दिसायला हुबेहूब छोटा ट्रम्पेट.

बिगुलवाला

कुळागर, हा प्रश्न वर्गात जसाच्या तसा विचारायला हवा! भोंपूच्या रबरी गोळ्यापाशी आत धातूची बारीक पट्टी असते, गोळा दाबला की हवा तिला थरथरवते. ओठ कुठेच नाहीत, म्हणून ब्रास नाही. माडाच्या पातीची पिपाणी करतात, तीही तशीच, तिथे पातीच थरथरते. सुरंगीताई, सात वस्तू घ्या : शंख, शिंग, भोंपू, सनई, बासरी, सॅक्सोफोन, ट्रम्पेट. प्रत्यक्ष वस्तू नसेल तिथे चित्र आणि ध्वनिफीत. मुलांनी तीन रांगा करायच्या, ओठ थरथरणारे, पाती किंवा पट्टी थरथरणारे, आणि काहीच न थरथरता फुंकर कडेवर आपटून वाजणारे. बासरी तिसऱ्या रांगेत एकटी बसेल.

मांडवीपार

पालक म्हणून लिहिते. माझी मुलगी पणजीत ट्रम्पेट शिकते. आठव्या वर्षी सुरू केलं, तेव्हा सरांनी ट्रम्पेटऐवजी कॉर्नेट हातात दिला. नळीची लांबी तीच, पण जास्त गुंडाळलेली, त्यामुळे वजन अंगाजवळ राहतं. ट्रम्पेट लहान मुलांच्या हातात पुढे झुकतो, मग मनगट आणि मान दोन्ही वाकडी होतात. ट्रॉम्बोनची तिला फार हौस होती. पण त्याच्या सरकत्या नळीच्या सात जागा असतात, शेवटच्या दोन जागांपर्यंत लहान मुलांचा हात पोचतच नाही. आता प्लास्टिकचे हलके ट्रॉम्बोनही मिळतात, वजनाचा प्रश्न त्याने सुटतो, हाताच्या लांबीचा सुटत नाही.

मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पहिल्या वर्षी मुलीला तीन-चार नातेवाइकांनी सांगितलं की हे मुलग्यांचं वाद्य आहे, ओठ जाड होतील, चेहरा बिघडेल. तिने ते मनावर घेतलं आणि काही आठवडे वाद्याची केस उघडलीच नाही. शिकवणाऱ्यांनी हा गैरसमज पहिल्याच दिवशी मोडून काढावा. सुरंगीताई, वर्गात पहिल्यांदा नळी वाजवायला मुलींना पुढे बोलवा. कोणी काही बोलण्याआधी त्यांनी वाजवलेलं सगळ्यांनी ऐकलेलं असेल.

शुभ्रा

मांडवीपार, मनापासून अनुमोदन. ओठ जाड होत नाहीत. वाजवल्यावर थोडा वेळ सुजल्यासारखे वाटतात, विश्रांतीने उतरतात. जेवढा वेळ वाजवलं तेवढाच वेळ थांबायचं, हे मुलांना सुरुवातीपासून लावावं.

भजनी

आता मला पुढचं ऐकायचं आहे. तीन बटणांत सप्तक कसं बसवतात? आणि पेटीच्या कुठल्या पट्टीशी जुळतं? जुळत असेल तर मी स्वतः पेटी घेऊन शाळेत येईन.

बिगुलवाला

भजनीबुवा, जुळतं. नेहमीच्या ट्रम्पेटचा मोकळा, म्हणजे एकही बटण न दाबता निघणारा, सा म्हणजे तुमची काळी पाच. युफोनियम आणि ट्रॉम्बोनही त्याच सुराचे.

आता बटणं. खरं म्हणजे ते व्हॉल्व्ह. १८१८ साली बर्लिनमध्ये श्ट्योल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी त्याचं पेटंट घेतलं. त्याआधीचे ट्रम्पेट बिगुलासारखे, नळी देईल तेवढ्याच सुरांचे. व्हॉल्व्ह दाबला की हवा सरळ न जाता एका जादा नळीतून फिरून येते. फर्मागुढीहून सरळ येणारी बस आतल्या गावातून वळसा घेऊन यावी तसं. वाट लांबली की सूर उतरतो. मधला व्हॉल्व्ह अर्धा सूर उतरवतो, पहिला एक सूर, तिसरा दीड सूर. हे तीन आकडे कळले की बाकी सगळं बेरजेने येतं, आणि तिसरीच्या मुलांना ती बेरीज जमते.

मोकळी नळी आपल्याला सा, प आणि वरचा सा देते. मधले सूर वरून खाली उतरत मिळवायचे. पपासून एक सूर उतरलं की म, म्हणून म ला पहिला व्हॉल्व्ह. दीड सूर उतरलं की ग, म्हणून पहिला आणि मधला एकत्र. अडीच सूर उतरलं की रे, म्हणून पहिला आणि तिसरा. वरच्या सापासून अर्धा सूर उतरलं की नी, नुसता मधला. दीड सूर उतरलं की ध, पुन्हा पहिला आणि मधला. म्हणजे ग आणि ध यांची बोटं एकच, फरक ओठांचा. माझ्याकडे येणारी मुलं इथे अडखळतात. बोटं बरोबर असतात आणि सूर दुसराच निघतो, मग त्यांना वाटतं वाद्य बिघडलं. म्हणून मी वाजवण्याआधी सूर गाऊन घ्यायला लावतो. गळ्यात सूर असला की ओठ तिथे जातात.

सूर सुरू करताना "तू" म्हणायचं, जीभ दातामागे लावून सोडायची. "हू" म्हटलं तर सूर घरंगळत येतो.

तियात्रप्रेमी

गाऊन मग वाजवणं यावरून आठवलं. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांत मुलांना वाद्याआधी सोल्फेजो घोटवत, स्वरलिपी बघून तोंडाने म्हणायची. त्या शाळांतून निघालेले वादक पुढे मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेले. हळदोण्याचे चिक चॉकलेट, मूळ नाव आंतोनियो शाव्हियेर वाझ, यांचा ट्रम्पेट सी. रामचंद्रांच्या संगीतात आहे. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड व्हायोलिन आणि ट्रम्पेट दोन्ही वाजवत, त्यांनी पुढे कोंकणी चित्रपट काढले. मडगावचे क्रिस पेरी स्वतः ट्रम्पेट वाजवायचे आणि त्यांनी कोंकणी गाण्यांचा बाजच बदलला. मुलांना जुन्या गाण्यातला ट्रम्पेटचा तुकडा ऐकवा आणि सांगा, हे वाजवणारा माणूस आपल्याच गोव्यातल्या बार्देशातला. एवढ्यावर ती कान टवकारतात. माझ्या पुतण्यांवर करून पाहिलंय.

पण सोल्फेजोच्या बाबतीत माझं मत बिगुलवाल्यांपेक्षा थोडं कडक आहे. आठ वर्षांच्या मुलाने सहा महिने तरी नुसतं गावं, वाद्य नंतर.

मांडवीपार

सहा महिने वाद्य न देता बसवलं असतं तर माझी मुलगी गेली असती. मुलं आवाजासाठी येतात. गाणं आणि फुंकणं एकाच तासात असावं.

बिगुलवाला

मी मांडवीपार यांच्या बाजूचा. पूर्वी मुलांपुढे दुसरं काही नव्हतं, आज तसं नाही. शिवाय गाणं-वाजवणं एकमेकांत मिसळलं तर गाणं शिक्षा वाटत नाही.

सुरंगी

पहिल्या दोन तासिका झाल्या, म्हणून कळवते.

"म" म्हणून ओठ मिटणं लगेच जमलं. थरथर यायला वेळ लागला. दात पडलेल्या मुलांची हवा भलतीकडून जात होती, त्यांना मी वेळ मोजायचं आणि कुणाचा सूर वर गेला ते सांगायचं काम दिलं. ते त्यांनी फार गंभीरपणे केलं. मांडवीपारताईंचं ऐकून मुलींना आधी बोलावलं. पहिला स्वच्छ सूर एका अबोल मुलीने काढला. ती वर्गात उत्तरं द्यायलासुद्धा उभी राहत नाही. तिला पुन्हा पुन्हा वाजवायला लावलं सगळ्यांनी.

तीन रांगांच्या खेळात भांडण झालं ते शंखावरून. निम्मी मुलं म्हणाली शंखात समुद्राचा आवाज असतो, तोच बाहेर येतो. एका मुलाचे आजोबा मंगेशीला सोमवारच्या पालखीला नेमाने जातात, तो म्हणाला, "आजोबांनी मला फुंकायला दिला होता, नुसती फुंकर मारली तर काही होत नाही, ओठ वाजवावे लागतात." मी काही बोलले नाही. त्यानेच शिंग आणि ट्रम्पेटची चित्रं उचलून शंखाच्या रांगेत ठेवली. पोदेराचा भोंपू मात्र सगळ्यांनी ब्रासमध्येच टाकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बऱ्याच जणांनी पोदेराला थांबवून आतली पट्टी बघायचा हट्ट धरला म्हणे. त्याने बिचाऱ्याने गोळा काढून दाखवला.

व्हरांड्यात आखलेल्या रेषा अजून आहेत. मधल्या सुट्टीत मुलं ट्यूबावरून शर्यत लावतात.

आता अडचण. एका पालकांनी घरात पडून असलेला जुना ट्रम्पेट शाळेला द्यायची तयारी दाखवली आहे. काळवंडलाय, दोन व्हॉल्व्ह अडकलेत. घ्यावा का? साफ करायला चिंच लावली तर?

बिगुलवाला

चिंच अजिबात नको! पितांबरीही नको. देवघरातल्या समईला जे चालतं ते इथे चालत नाही. वरचं लॅकर, म्हणजे चकाकीचा पातळ थर, जातं, आणि आंबट पाणी व्हॉल्व्हच्या फटीत शिरलं की कायमचं नुकसान. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, आतून फिरवायचा लांब लवचीक ब्रश, मग सुती कापडाने कोरडं. पाणी गरम नको, त्यानेही लॅकर सुटतं. व्हॉल्व्ह जोर लावून ओढू नका. माउथपीस अडकला असेल तर पक्कड लावू नका. त्यासाठी वेगळं ओढणारं साधन असतं, बँडवाल्यांकडे मिळतं.

घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा. व्हॉल्व्ह सुटल्यावर आपण होऊन वर येतात का? एखादी सरकती नळी व्हॉल्व्ह न दाबता बाहेर ओढली की "पॉक" असा आवाज येतो का? येत असेल तर हवा गळत नाही. आणि माउथपीसकडच्या नळीवर गुलाबी-तांबूस ठिपके आहेत का? ते असतील तर पितळ आतून कुजतंय, खर्च करू नका. ठिपके नसतील आणि नुसते व्हॉल्व्ह अडकलेले असतील तर मी सोडवून देईन. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, वाद्य केसमध्ये ओलं ठेवलं की हेच होतं. वाजवून झाल्यावर पाण्याची चावी दाबून आतलं पाणी काढायचं. मुलं त्याला थुंकी म्हणून नाक मुरडतात, पण त्यातली बरीचशी श्वासाची वाफ थंड होऊन साचलेली असते. वर्गात सांगाच, त्यांना हे आवडतं.

नवं घ्यायचं झालं तर मेरठच्या जली कोठी भागात बँडची वाद्यं बनतात, देशभरातले बँडवाले तिथून मागवतात. शाळेसाठी मात्र आधी हा जुना दुरुस्त होतोय का ते बघू.

शुभ्रा

त्या जुन्या ट्रम्पेटचा माउथपीस बाजूला ठेवून नवा घ्या. चांदीचा मुलामा उडून आतलं पितळ उघडं पडलेलं असेल तर ओठांना चट्टे येतात. आणि वाजवणाऱ्याच्या समोर, वाद्याच्या तोंडाच्या रेषेत मुलं बसवू नका. बंद वर्गात हा आवाज कानांना फार होतो.

भजनी

मग व्हरांड्यात करूया. बिगुलवाल्यांनी वेळ सांगावी. मी पेटी आणतो, काळी पाचवर सा धरून ठेवतो. मुलांना येणारी एखादी सोपी आरती सा ते प मध्ये बसते का बघतो, म्हणजे पाच सुरांत त्यांना ओळखीचं काही वाजलेलं ऐकू येईल. आमच्या शिंगवाल्या काकांनाही विचारलं. गुडघे दुखतात, पण गाडीतून नेलं तर येतो म्हणाले.

बिगुलवाला

काका येत असतील तर आधी त्यांनीच वाजवावं, मी नंतर. माझ्याकडे बिगुल, कॉर्नेट आणि युफोनियम आहे, तिन्ही आणतो. त्याच क्रमाने वाजवेन : शिंग, बिगुल, कॉर्नेट, युफोनियम. शिंग आणि बिगुलात व्हॉल्व्ह नाहीत, कॉर्नेटात आहेत, आणि युफोनियम कॉर्नेटच्या दुप्पट लांबीचा. मुलांनी व्हरांड्यावर जे आखलंय ते त्यांना कानांनी ऐकू येईल.

सुरंगीताई, हात नसलेली एक खुर्ची लागेल, युफोनियम मांडीवर धरायला. काकांसाठी दुसरी, हातांची. एक बादली पाणी आणि साबण. गुरुवारी सकाळी चालेल का? दुपारी उन्हाने पितळ तापतं.

सुरंगी

गुरुवारी साडेनऊला ठेवते. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आहे, चौथीचा वर्गही येऊन बसणार आहे. त्यांचे दात आले आहेत, त्यामुळे शुभ्राताईंच्या हिशेबाने त्यांना माउथपीस देता येईल. प्रत्येकाची नळी नावाची चिठ्ठी लावून धुऊन ठेवली आहे. भजनीकाका, काकांना आणायला माशेलात गाडी किती वाजता पाठवू?

भजनी

साडेआठला. देवळाजवळ थांबतो आम्ही दोघं.